खळगी

न्हाणीचा पाईप काढायला
भरमाण्णानं मधल्या खोलीत पहार मारली
आणि फरशी डब्ब वाजली.
"काय पुरलंय हो खाली? सोनं की काय?"
सोनं नाही, म्हटलं. बाबांचे पाय.

इथं माग होता. खड्डामाग.
वडगावच्या या गल्लीत तेव्हा घरटी एक खड्डा,
बाबा सकाळीच कमरेपर्यंत जमिनीत उतरत.
वरचे हात सगळ्यांना दिसत,
धोटा फेकणारे, झेलणारे, फणी ओढणारे.
खालचे पाय अंधारात पावड्या दाबत राहत,
एक, मग दुसरा, मग पुन्हा पहिला.
शहापूरच्या पेढीवर लुगडं हातानं मोजून घेत.
चाल मोजायला त्यांच्याकडे माप नव्हतं.

ताण्याला खळ लावली की तो गल्लीभर पसरायचा,
सायकलवाले उतरून कडेनं जायचे,
इराप्पाची शेळी मात्र येऊन खळ चाटायची.
आई तिला शिव्या द्यायची कानडीत,
आम्हाला मराठीत.
सुताला काय बोलायची ते कधी ऐकू आलं नाही,
कांडी भरताना तिचे ओठ हलायचे एवढंच.

मग पलीकडच्या गल्लीत पॉवरलूम आले.
रात्रभर खटखट. पहिले काही दिवस झोप लागेना,
पुढं ती थांबली की जाग यायची.
आमचा माग कुणी विकत घेतला नाही.
फोडला.
त्या लाकडांवर आठ दिवस पाणी तापलं,
चांगलं कढत, सागवानाचं.
बाबा शेवटचे अंघोळीला गेले, गारच पाणी घेऊन.

खड्डा विटांच्या तुकड्यांनी बुजवला, वर शहाबादी फरशी.
बाबा गोदामावर रखवालदार झाले.
डबा घेऊन जायचो मी रात्रीचा.
स्टुलावर बसलेले असायचे, काठी मांडीवर,
आणि पाय आळीपाळीनं हवा दाबत असायचे.
मी कधी विचारलं नाही.

मी उद्यमबागेत, फाउंड्रीत. मोल्डर.
काळ्या वाळूत पोकळी करतो,
लालपिवळं लोखंड येऊन ती भरून जातं.
तयार पंपाला गिऱ्हाईक मिळतं,
पोकळीचं नाव बिलात येत नाही.
धाकटी निपाणीला दिली, ती सुपात पान कापते,
हजाराचा हिशेब, वर छाटीचा हिशेब.
लेकराला उचललं की ते शिंकतं.
हसून सांगते, वळखतंय मला वासावरनं.

तर भरमाण्णा उकरत होता.
विटा निघाल्या, एक तुटकी कांडी निघाली,
आणि विटांच्याही खालच्या मातीत
भोक पडलेला भाजक्या मातीचा गोल.
तो म्हणाला, मणी. गळ्यातला.
शेजारचे हंचिनाळ मास्तर चष्मा पुसून म्हणाले,
चातीची चकती असणार, सूत कातायची,
हजार वर्षांची असेल,
नाहीतर तुमच्या पणजीची.
दोघं बराच वेळ वाद घालत बसले,
निम्मा कानडीत, निम्मा मराठीत,
मी ती करंगळीत घालून फिरवून बघितली.
फिरली.
बाबांचे पाय रोज तिच्यावर वीतभर अंतरावर होते.

"आता बोला, बुजवू? की पाईप वळवू?"
वळव, म्हटलं.
दोन एल्बो जास्तीचे, अर्ध्या दिवसाची मजुरी जास्तीची,
त्यानं बोटांवर मोजून सांगितली,
एक पैसा सोडला नाही.
बरोबर आहे. त्यालाही पोट आहे.

दुपारी त्यानं फडकं सोडलं.
भाकरी, झुणका, हिरवी मिरची.
खड्ड्याच्या काठावर बसला, पाय आत सोडून,
अगदी बाबांच्या जागी.
"चटणी हाय काय घरात?"
आणायला उठलो, दारातून वळून बघितलं.
तो खाली बघत नव्हता, भाकरी मोडत होता,
आणि खाली, आपलं आपण,
त्याचा एक पाय हलत होता.
मग दुसरा.